मोरबीचा झुलता पूल : उद्घाटन आणि दुर्घटना यांच्या मधली वर्षे

वैनगंगाकाठचा (धागाकर्ता)

गुजरातमधल्या मोरबीचे नाव आमच्या पवनी भागात आधी पोचले ते टाइल्सच्या खोक्यांवरून. नव्या घराचे स्वयंपाकघर असो की दुकानाची ओसरी, फरशी कुठली म्हणून विचारले की बहुधा मोरबीचे नाव निघते. ३० ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी तिथला झुलता पूल मच्छू नदीत कोसळला, १३५ माणसे गेली, आणि तेव्हापासून मोरबी म्हटले की आधी पूल आठवतो.

त्या दुर्घटनेवर पुष्कळ लिहून झाले आहे. मात्र जे काही वाचायला मिळते त्यात पुलाच्या दोनच तारखा ठळक असतात, एक उद्घाटनाची आणि दुसरी कोसळण्याची. या दोहोंच्या मधल्या १४३ वर्षांत त्याच्या तारांकडे कोणी पाहिले, कोणाच्या हुकमाने पाहिले आणि पाहून काय लिहून ठेवले, ही चौकशी फारशी होत नाही. माझ्या मते झुलत्या पुलाचा इतिहास म्हणजे मुख्यतः हीच चौकशी असते, म्हणून हा धागा काढत आहे.

पूल बांधला मोरबी संस्थानचे ठाकोर सर वाघजी यांनी. ते १८७० साली लहान वयात गादीवर आले आणि १९२२ पर्यंत राज्य त्यांच्याकडे होते. एका काठावर दरबारगढ, दुसऱ्या काठावर नझरबाग राजवाडा आणि मध्ये मच्छूचे पात्र, अशी ती जागा आहे. सामान इंग्लंडहून मागवले होते आणि सुमारे साडेतीन लाख रुपये खर्च आला, असे सांगितले जाते. लांबी जवळपास २३३ मीटर आणि रुंदी जेमतेम सव्वा मीटर, म्हणजे समोरून डोक्यावर भारा घेतलेले कोणी आले तर अंग चोरूनच पुढे जावे लागेल.

उद्घाटन २० फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल यांच्या हस्ते झाले. हे टेम्पल आपल्याला परके नाहीत. १८६२ ते १८६७ या काळात, मधला थोडा अवधी सोडल्यास, ते नागपुरात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. ज्यांच्या नावाने नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये याच टेम्पल यांच्यासोबत टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते, आणि परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात घोड्यासह उतरले ते बुडूनच गेले. त्यांचे अप्रकाशित लेखन पुढे १८६६ साली टेम्पल यांनीच संपादित करून छापले. या घटनेचा मोरबीच्या पुलाशी कार्यकारणसंबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही विदर्भातल्या एका बिनपुलाच्या नाल्यावर सहकारी गमावलेला अधिकारी साडेपंधरा वर्षांनी मच्छूवरच्या पुलाचे उद्घाटन करतो, हे वाचल्यावर विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर नझरबागेत १९५१ साली लखधीरजी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले आणि पूल नगरपालिकेकडे आला. ११ ऑगस्ट १९७९ रोजी वरच्या अंगाचे मच्छू-२ धरण फुटून सारे शहर पाण्यात गेले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा तडाखा बसला. एवढे सोसूनही पूल वापरात राहिला. पुढे त्याची देखभाल घड्याळे आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीकडे कराराने गेली. नवा करार मार्च २०२२ मध्ये झाला, दुरुस्तीसाठी पूल बंद ठेवला गेला आणि २६ ऑक्टोबरला, गुजराती नववर्षाच्या दिवशी, म्हणजे आपल्या दिवाळी पाडव्याला, तो पुन्हा उघडला. पुढच्या रविवारी तो तुटला.

पूर आणि भूकंप पचवलेला पूल दुरुस्तीनंतर चार दिवसांत तुटतो, याचा उलगडा जाणकारांनी करावा, ही विनंती.

संत्राबाग

गुरुजी, लेख आवडला. एक शंका आहे. काही बातम्यांत आणि पर्यटनाच्या माहितीत हा पूल १८८७ चा असल्याचे दिलेले होते. आपण १८७९ कशाच्या आधारे धरता? आणि आमच्या वऱ्हाडातल्या वाचकांसाठी एक भर घालतो : टेम्पल नागपुरात असताना वऱ्हाड त्यांच्या अखत्यारीत नव्हते. अमरावती, अकोला, बुलढाणा हा मुलूख निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात दिलेला होता आणि मध्य प्रांतात तो १९०३ साली जोडला गेला.

वैनगंगाकाठचा

संत्राबाग भाऊ, दोन्ही वर्षे छापून आली आहेत, हे खरे. मी १८७९ धरतो ते टेम्पल यांच्यामुळे. ते १८७७ साली मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८८० मध्ये राजीनामा देऊन पार्लमेंटच्या निवडणुकीसाठी इंग्लंडला परत गेले. उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले असेल, तर ते १८८७ मध्ये होणे शक्य नाही. ज्यांना १८८७ मान्य आहे त्यांनी उद्घाटक दुसरा शोधावा. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात देणाऱ्या बातम्या मी वाचल्या आहेत आणि त्या लिहिणाऱ्यांचे मला नवल वाटते.

यारीवाला

मी पुलांचा जाणकार नाही. विहिरी खोदण्याचे काम करतो आणि आमचे सारे पोट यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, वायर रोपवर चालते, म्हणून तारेविषयी जे माहीत आहे तेवढे लिहितो.

वायर रोप म्हणजे एक तार नसते. बारीक तारा पिळून एक पेड होतो, असे कित्येक पेड एकत्र पिळून रोप होतो, आणि आमच्या रोपच्या मध्यभागी बहुधा तागाचा गाभा असतो. बाहेरून ग्रीस लावले की रोप काळाभोर, तकतकीत दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की माल नवा आहे. पण विहिरीतली ओल आत शिरते, गाभा ती धरून ठेवतो आणि गंज आतून सुरू होतो. जुना रोप ओळखायची आमची रीत अशी आहे, की तो ढिला सोडून हाताने वाकवायचा आणि पेड थोडे उकलून पाहायचे. आतून विटकरीच्या भुकटीसारखा लाल चुरा गळला, की तो रोप त्याच दिवशी उतरवायचा. मुठीत फडके धरून ते रोपवरून ओढत नेतात, आणि तुटलेल्या तारेचे टोक असेल तिथे फडके अडकते. हात उघडा ठेवून हे कधी करू नये, तळहात फाटतो.

आमच्या बादलीत खाली माणूस असतो, म्हणून एवढी काळजी. पुलाची केबल ढिली सोडून वाकवता येत नाही, हे समजते. मग ती आतून कशी तपासतात, हे कोणी अभियंता सांगेल काय?

निवृत्त_शाखा_अभियंता

यारीवाला भाऊंनी विषयाच्या मुळालाच हात घातला आहे. थोडे विस्ताराने लिहितो.

झुलत्या पुलावर आपण ज्या तळावरून चालतो तो स्वतः जवळपास काहीच तोलत नाही. तळाचा आणि माणसांचा भार उभ्या लोंबत्या रॉडमधून वर मुख्य केबलमध्ये जातो, केबल तो भार मनोऱ्यांच्या माथ्यावर देते आणि उरलेली ओढ काठावरच्या नांगरात, म्हणजे जिथे केबलचे टोक दगडी बांधकामात पुरलेले असते तिथे, जाऊन थांबते. या साखळीत तळ हा एकच भाग लोकांच्या नजरेला पडतो, आणि पूल वाचवण्याच्या कामी त्याचाच उपयोग सर्वांत कमी आहे.

गुजरात सरकारने नेमलेल्या विशेष तपास पथकाचा प्राथमिक अहवाल डिसेंबर २०२२ चा असून तो पुढच्या फेब्रुवारीत उजेडात आला. त्यानुसार मोरबीच्या पुलाची मुख्य केबल सात पेडांची होती आणि प्रत्येक पेडात सात तारा होत्या, म्हणजे एकूण ४९ तारा. नदीच्या वरच्या अंगाची केबल तुटली. तिच्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि त्या दिवसाच्या आधीच तुटलेल्या असाव्यात, असे पथकाचे मत पडले. उरलेल्या २७ तारा त्या संध्याकाळी तुटल्या. पाडव्याला पूल उघडला तेव्हाच त्या केबलमध्ये निम्म्याहून थोडेच अधिक बळ शिल्लक होते, असा याचा सरळ अर्थ होतो.

आता दुरुस्तीकडे पाहू. मुख्य केबल बदलली नाही. लाकडी फळ्यांचा तळ काढून ॲल्युमिनियमचा तळ बसवला, आणि चार थरांच्या त्या पत्र्यामुळे पुलाचे वजन वाढले, असे सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितले. जुन्या लोंबत्या रॉडना नवे रॉड वेल्डिंगने जोडले. अशा पुलात हा रॉड एकसंध हवा, कारण तो झुल्याबरोबर किंचित हलत राहतो आणि वेल्डिंगचा जोड ती हालचाल मोकळेपणाने होऊ देत नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीचा हूक तुटला की गावच्या वर्कशॉपमध्ये टाका मारून घेतात आणि तो पुन्हा त्याच टाक्यापाशी तुटतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. उघडण्यापूर्वी भार-चाचणी झाली नाही, हेही अहवालात आहे.

वैनगंगाकाठच्या गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : १८७९ चा पूल जे ओझे पेलत होता त्यात २०२२ साली भर घातली गेली, आणि ज्या केबलने ते पेलायचे तिला कोणी हात लावला नाही. पूर आणि भूकंप हे बाहेरून आलेले धक्के होते. गंज त्यांच्या आधीपासून आत काम करत होता.

केबल आतून तपासण्याविषयी सांगायचे तर मोठ्या पुलांवर केबलमध्ये ठरावीक अंतरावर लाकडी पाचरी ठोकून पेड उकलतात, आतल्या तारा डोळ्यांनी पाहतात, काही तारांचे तुकडे कापून प्रयोगशाळेत ओढून तोडून पाहतात. चुंबकीय उपकरणेही आता मिळतात. पण पाहणीची सुरुवात जवळपास यारीवाला भाऊंच्या फडक्यासारखीच असते, म्हणजे कोणीतरी वर चढून जवळून पाहावे लागते.

पारावरून

अभियंता साहेब, सारा दोष केबलवर ढकलणे मला पटत नाही. पूल लाथा मारून हलवणाऱ्या पोरांचे व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिले. त्या दिवशी तीन हजारांहून अधिक तिकिटे विकली गेली होती. गर्दीला शिस्त नसेल तर कोणताही पूल टिकणार नाही. आपल्याकडे जत्रेत नावेत माणसे कशी कोंबतात, हे आपण सर्वच जाणतो.

निवृत्त_शाखा_अभियंता

पारावरून भाऊ, तिकिटांचा आकडा बरोबर आहे. तो ३,१६५ होता. पण ती दिवसभराची विक्री झाली. पूल तुटला त्या क्षणी त्यावर सुमारे ३०० माणसे होती. पुलाचे क्षेत्रफळ काढा : २३३ गुणिले सव्वा, म्हणजे साधारण २९१ चौरस मीटर. सरासरीने एका चौरस मीटरला एक माणूस पडतो. माणसे सारखी विखुरलेली नव्हती, हे धरले तरी याला खेचाखेच म्हणता येणार नाही. माणशी ६० किलो धरल्यास तो भार चौरस मीटरला ६० किलोच्या आसपास येतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पुलांच्या संहितेत पादचारी मार्गासाठी चौरस मीटरला ४०० किलो भार धरायला सांगितला आहे, आणि तीर्थक्षेत्रे किंवा मोठ्या जत्रा भरणारी गावे जवळ असतील तर ५०० किलो. आपल्या मार्कंड्याच्या महाशिवरात्रीसारख्या गर्दीचा विचार संहिता लिहिणाऱ्यांनी करून ठेवला आहे. १८७९ च्या पुलाला आजची संहिता लागू करता येत नाही, हे मान्य. मग त्या पुलाला किती माणसे झेपतात ते काढून तेवढीच आत सोडायची होती, आणि तिकीट खिडकीवर तशी कोणतीही मर्यादा नव्हती. गर्दी जास्त झाली, हे पथकानेही म्हटले आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती गर्दी त्या केबलसाठी जास्त होती, आणि तिकीट काढून आत आलेल्या माणसाला केबलची अवस्था कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

हलवण्याविषयी बोलायचे, तर १८३१ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या एका लयीतल्या चालीने कोसळला आणि पुलावर पावलांची लय मोडून चालण्याचा हुकूम तेव्हापासून सैन्यात रूढ झाला. तिथेही नांगराजवळचा एक बोल्ट आधीच कमकुवत असल्याचे आढळले होते. त्याहून बोलके उदाहरण फ्रान्सचे आहे. आँजे शहरात मेन नदीवर १८३९ साली तारांच्या केबलचा झुलता पूल पुरा झाला. १६ एप्रिल १८५० रोजी वादळी वाऱ्यात सैनिकांची एक पलटण त्यावरून जात असताना तो कोसळला आणि दोनशेहून अधिक सैनिक मेले. पूल अवघ्या अकरा वर्षांचा होता. नांगराच्या जागी केबल गंजू नये म्हणून ती चुन्याच्या मसाल्यात बंद केली होती. मसाला तारांना नीट चिकटला नाही, मधल्या फटीत पाणी साठले आणि बाहेरून काहीही न दिसता तारा सडल्या. त्यानंतर फ्रान्समध्ये जवळपास दोन दशके नव्या झुलत्या पुलांचे काम थंडावले.

अकरा वर्षांचा पूलही सडतो, हे लक्षात घेतल्यास मोरबीच्या बाबतीत 'पूल जुनाट होता' हे कारण पुढे करणाऱ्यांचे म्हणणे किती तोकडे आहे ते कळेल.

आरमोरीची_लेक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. भामरागडला पर्लकोटा नदीवरचा ठेंगणा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावे तुटतात. तिथल्या माणसाला पूल आहे एवढ्यातच समाधान असते, त्याच्या तारा कोण पाहतो हे विचारायची उसंत नसते. हे टोचून म्हणत नाही, आमच्याकडचे वास्तव सांगते.

मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे, म्हणून मला या इतिहासातला कराराचा भाग महत्त्वाचा वाटतो. आधीच्या कराराची मुदत २०१७ मध्ये संपली, तरी पूल त्याच कंपनीकडे राहिला. मार्च २०२२ चा नवा करार पंधरा वर्षांचा होता आणि त्यावर नगरपालिकेच्या बाजूने अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्या सह्या होत्या. तो सर्वसाधारण सभेपुढे मांडून मंजुरी घेतली गेली नव्हती, असे तपास पथकाने नोंदवले आहे. आमच्याकडे गुजरीच्या, म्हणजे भाजीबाजाराच्या, लिलावाचा ठराव मासिक सभेत वाचून दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि त्यावर दोन तास भांडण होते. ते भांडण मला नेहमी कटकटीचे वाटे. मोरबीत असे दोन तासांचे भांडण झाले असते, तर एखाद्या नगरसेवकाने 'तारांचे काय' असे विचारले असते की नाही, कोण जाणे. पण विचारायला जागा तरी राहिली असती.

गुजरात सरकारने ती नगरपालिका एप्रिल २०२३ मध्ये बरखास्त केली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मृतांच्या वारसांना प्रत्येकी दहा लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश कंपनीला दिला.

संत्राबाग

ताईंच्या प्रतिसादावरून आठवले. पुलाच्या ज्या काठावर नझरबाग होती, तिथे १९५१ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, हे गुरुजींनी वर लिहिलेच आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ भावी अभियंते ज्या पुलाकडे पाहत शिकले, त्याची भार-चाचणी करायला कोणी बोलावले नाही, हे वाचून मन विषण्ण झाले.

याच्या उलट उदाहरण म्हणून ऋषिकेशचा लक्ष्मण झुला सांगता येईल. तिथला १८८९ चा लोखंडी दोरांचा पूल १९२४ च्या पुरात वाहून गेला. नंतरचा पूल १९२९ चा, गंगेवर साडेचारशे फुटांचा, आणि एप्रिल १९३० मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. २०१९ च्या जुलैमध्ये रुडकीच्या आयआयटीच्या अहवालानंतर प्रशासनाने तो बंद केला. व्यापाऱ्यांनी आणि यात्रेकरूंनी आरडाओरडा केला, पण बंद झाला. कोणी मेले नाही, म्हणून त्याच्या बंद होण्याचा इतिहास कोणी लिहित नाही.

पारावरून

साहेब, आकडेमोड वाचली. पूल हलवणाऱ्यांना मी अजूनही माफ करणार नाही, पण एका चौरस मीटरला एक माणूस, हे गणित मी केले नव्हते.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. आपल्या चिखलदऱ्याला दरीवर सुमारे ४०७ मीटरचा काचेचा झुलता स्कायवॉक होत आहे. उद्या तो खुला झाला की आपण सर्व जण लेकराबाळांसह जाणार. तिथे सामान्य माणसाने पाहावे तरी काय? काच की केबल?

निवृत्त_शाखा_अभियंता

काच पाहून काहीच कळणार नाही, आणि केबल लांबून पाहूनही फारसे कळणार नाही. कागद पाहावेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात 'माहिती' मागण्याच्या हक्कात कामाची, कागदपत्रांची आणि नोंदींची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले की पुरते. पूल खुला करण्यापूर्वीच्या भार-चाचणीचा अहवाल, एका वेळी किती माणसे सोडायची त्या मर्यादेचा लेखी आदेश, आणि देखभालीच्या करारात केबल व नांगर यांची तपासणी कोणी, किती महिन्यांनी करायची आहे ते कलम, एवढे मागावे. पुलाच्या पाटीवर अमक्याच्या हस्ते उद्घाटन झाले असे कोरलेले असते. शेवटच्या तपासणीची तारीखही प्रवेशद्वारावर लावावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करता येते.

आरमोरीची_लेक

अर्जाचा मजकूर इथे टाकाल काय, साहेब? चिखलदरा आम्हाला लांब पडते, पण आमच्या तालुक्यात नाल्यांवरचे दोन लोखंडी पादचारी पूल आहेत आणि त्यांची तपासणी कोण करतो हे पंचायत समितीत विचारले तर बांधकाम विभागाकडे बोट दाखवतात, बांधकाम विभागात विचारले तर पंचायत समितीकडे. अर्ज दोघांच्याही नावाने करता येतो का, तेही सांगावे.

निवृत्त_शाखा_अभियंता

दोघांच्याही नावाने वेगवेगळा करा, ताई. ज्याच्याकडे माहिती नाही त्याने अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो, हे कलम ६(३) मध्ये आहे. पूल कोणाच्या मालकीचा आहे, हे त्या वर्ग करण्याच्या पत्रातूनच लेखी हाती येईल. मजकूर आज रात्री टाकतो.